फायनलच्या रविवारचं हळदीकुंकू

अमेरिकेत, त्यांच्या त्या हातात धरून पळायच्या फुटबॉलची फायनल असते त्या रविवारी, कुठलाही हॉल मिळतो. हा शोध माझा. तेव्हा मी तिशीतली, उत्तरेकडच्या एका गारठलेल्या शहरातल्या मराठी मंडळाची चिटणीस होते, आणि आपल्याइतकं हुशार त्या शहरात कोणी नाही असं माझं ठाम मत होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी शाळेचा हॉल मागायला गेले, तर तिथला माणूस म्हणाला, रविवार पूर्ण रिकामा आहे, हवा तेवढा वेळ घ्या. मला वाटलं, काय बावळट लोक! इतका चांगला दिवस सोडून दिला.

त्या दिवशी समस्त पुरुषवर्ग बायकांना सोडायला आला आणि पार्किंग लॉटमध्येच थिजला. गाड्यांच्या काचा वर, आत रेडिओ सुरू. मी काळी चंद्रकळा नेसून, बर्फात चपला घालून, तिळगुळाचं ताट घेऊन काचा ठोठावत हिंडले. एकाने काच खाली केली असेल तर शपथ. आमच्या ह्यांनी तर ओळखच दाखवली नाही. घरी आल्यावर मी मोठं भाषण केलं. बावीस धिप्पाड माणसं एका नारळासाठी एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि नारळ काही फुटत नाही, याला खेळ म्हणतात का? वगैरे. ती चिटणीसबाई आज भेटली तर मी तिला सांगेन, बाई, ताट ठेव, गाडीत बस आणि आधी स्कोअर विचार.

पुढे साखरेने ह्यांची नजर नेली. टीव्हीवरचे समालोचक, समोरच्याला दिसतंय असं धरून बोलतात. नको तेवढी माहिती देतात, पण चेंडू कुठे आहे ते सांगत नाहीत. मग ते काम माझ्याकडे आलं. डावीकडून तो लंबू पळाला, पडला, उठतोय, लंगडतोय. हे विचारायचे, किती पळाला? मी सांगायची, आपल्या स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत. असं बोलणी खात खात मी खेळ शिकले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांना द्यायचा. संसाराला याहून जास्त संधी मिळतात, पण नियम साधारण तोच.

हे गेले. मी इकडे दक्षिणेत, फ्रिस्कोला मुलाकडे आले, आणि टीम मात्र जुन्या गावाचीच ठेवली. इथे तिला कोणी चांगलं म्हणत नाही. यंदा तीच टीम कित्येक वर्षांनी फायनलला आली, आणि सूनबाईंनी त्याच रविवारी हळदीकुंकू ठेवलं. माझ्यासारखं गाढवपणाने नव्हे, विचार करून. पुरुष वरच्या मीडिया रूममध्ये मॅच बघत राजम्याची चिली ओरपणार, बायका खाली. घर एक, खटलं एक. माझाही बेत ठरलेला होता. मॅच सुरू झाली की हळूच वर सटकायचं. टीमची लोकरी टोपी पर्समध्ये होती.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच सुनेची एक मैत्रीण मागून आली. पन्नाशीची, गोड बोलणारी, हातात हळदीकुंकवाचा करंडा.

"काकू, बरं केलंत," ती म्हणाली. "तुम्ही वरच बसा आरामात. इथे तुम्हाला अवघडल्यासारखं होईल."

अवघडल्यासारखं मला होत नव्हतं. नवरा नसलेल्या बाईला कुंकू लावायचं की तिला चुकवून पुढे जायचं, हा पेच तिच्या करंड्याला पडला होता. आणि माझी पंचाईत अशी की मला खरंच वर जायचं होतं. पण तिने पाठवल्यावर कसं जाणार?

मी खाली उतरले. हॉलमधल्या टीव्हीवर काळी साडी टाचून त्यावर कागदी पतंग लावले होते. नातीला म्हटलं, हे सगळं उतरव. ती कॉलेजात आहे, मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत येतं.

"आजी, आर यू शुअर? मॉम विल किल मी."

"तुझ्या मॉमचं मी बघते."

पतंग उतरले, मॅच लागली. मी टोपी घातली, सोफ्यावर मधोमध बसले आणि मैत्रिणीकडे करंडा मागितला. तिने तो लगेच सोडला नाही. म्हणाली, मला स्वतःला काही नाही हो काकू, पण बाकीच्यांना कदाचित... मी म्हटलं, बाकीच्यांना मीच विचारते. आणि विचारलं. माझ्या हातचं कुंकू ज्यांना नको असेल त्यांनी वर जावं, वर खुर्च्या जास्त मऊ आहेत. एकीने फोनमध्ये डोकं घातलं. उठलं कोणी नाही. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात कधीची उभी होती. तिने येऊन मैत्रिणीच्या हातून करंडा घेतला, माझ्या मांडीवर ठेवला आणि वाणाच्या डब्या आणायला गेली.

हा खेळ हळदीकुंकवाला फार सोयीचा आहे. क्षणभर झटापट होते, मग सगळे उभे राहून विचार करतात. तेवढ्यात एक कपाळ होतं. जाहिराती लागल्या की वाण आणि तिळगूळ. एकदा आमच्या टीमच्या पोराने मधेच चेंडू पळवला आणि पाहुण्यांतल्या एका डॉक्टरीणबाईंचं कुंकू नाकापर्यंत आलं, पण त्यांनी तक्रार केली नाही. त्या स्वतःच विचारत होत्या, तो का थांबला, ह्याला का ढकललं. मी सांगत होते.

मैत्रीण शेवटपर्यंत भिंतीला टेकून होती. माझ्यापुढे आली तेव्हा आमच्या टीमचा चौथा प्रयत्न होता, घड्याळात वेळ संपत आलेली. मी तिला लावलं. मग तिने करंडा उचलला, कुंकवात बोट बुडवलं आणि तशीच उभी राहिली, नेमकी टीव्हीसमोर.

"लावायचं असेल तर लाव," मी म्हटलं, "नाहीतर बाजूला हो, चेंडू निघालाय."

तिने लावलं. टिकलीच्या वर, तिरकं. ती खाली वाकल्यामुळे मला पडदा दिसला. कोपऱ्यात उडी मारून आमच्या पोराने चेंडू झेलला होता, आणि पंच हात हलवत सांगत होता, पाय रेषेबाहेर. हरलो. वरच्या मजल्यावर आनंदीआनंद झाला.

मुलगा सांत्वनाला खाली आला. माझ्या कपाळाकडे बघितलं आणि विषय मॅचचा काढला. शहाणा आहे. म्हणाला, "आई, क्लोज होती गं मॅच."

"पाय आत होता," मी म्हटलं.

"आजी, दे रिव्ह्यूड इट."

"करू दे. पाय आत होता."

तो झेल पुन्हा पुन्हा दाखवत होते, हळू करून, मोठा करून. मैत्रीण वाकून बघत राहिली. "मलाही आतच वाटला, काकू," ती म्हणाली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी सरकून तिला सोफ्यावर जागा दिली. तिने टोपी बघायला मागितली, ती नाही दिली.