सोबत मिळाली की येते

आमच्या जबलपूरच्या मराठी घरांत नागपूरला निघालेली बाई एकटी जात नसे, तिला सोबत लावून दिली जाई. सोबत म्हणजे कुणीही. फॅक्टरीतला शेजारी, त्याची सासू, नाहीतर लग्नाला निघालेलं अख्खं कुटुंब. आईच्या वेळची ही पद्धत केव्हाच संपली. आता कॉलनीतल्या मुली बंगलोरपर्यंत एकट्या जातात. मी मात्र साठी उलटल्यावरही सोबत शोधत होते.

नागपूरला माझी मोठी ताई असते. गुडघे चालत होते तोवर दरवर्षी दिवाळीनंतर ती एकटीच बसने यायची. परत जाताना तिला बसवून द्यायला मी जायची आणि वर तिलाच बजावायची, "जपून जा हं."

ती हसायची. "तू काहून घाबरतेस गं इतकी? सकाळी बसायचं, दुपारी उतरायचं. ये न एकदा."

"सोबत मिळाली की येते."

पुढे तिचे गुडघे गेले, माझे यजमान गेले. नागपूरला जाणारे असत, पण कुणाच्या गाडीत जागा नसे, कुणी त्याच दिवशी परतणार असे. खरं सांगायचं तर मला तेवढं कारण पुरायचं. ताईला आमच्या बाजारातल्या बड्या फुहाऱ्याजवळची खव्याची जलेबी फार आवडते, म्हणून जाणाऱ्यांच्या हाती डबा धाडायची. एकदा ती फोनवर म्हणाली, "जलेबी पोचली. तुझ्यापेक्षा धीट आहे." तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता ते हसणं आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

भीती तरी कसली? कुणी चहात काही मिसळलं तर? वाटेत सिवनीला खाली उतरले आणि बस निघून गेली तर? आणि सगळ्यात मोठी, जी मी कुणाला बोलून दाखवली नाही, ती म्हणजे लोकांना वाटेल, हिला कुणीच नाही का?

मागच्या थंडीत भाचीचा फोन आला. "मावशी, आई माणसं विसरून राहिली. तुझं नाव अजून घेते. लवकर ये."

त्याच दिवशी पिशवी भरायला हवी होती. मी काय केलं, तर मुलाला फोन केला. तो पुण्याला असतो, मराठी सगळं समजतं, बोलतो हिंदी. "मम्मी, अकेली मत जाना. मैं होली पे आऊँगा, साथ चलेंगे." मी होळीपर्यंत थांबले. होळीला त्याला सुट्टी मिळाली नाही.

मग निघाले. ड्रायव्हरच्या मागची सीट धरली, पिशवी मांडीवर, जलेबीचा डबा पिशवीत. बरगी मागे पडेपर्यंत पिशवीचे बंद सोडले नाहीत. सिवनीला उतरावंच लागलं. शेजारची मुलगी म्हणाली, "आंटीजी, आराम से जाइए, मैं बैठी हूँ ना." परत आले तर बस जागच्या जागी उभी. मी चहासुद्धा घेतला. त्यात साखर जास्त होती, बाकी काही नव्हतं. एकटीला पाहून कुणी काही म्हटलं नाही, कुणाचं लक्षही नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. मग खिडकीशी बसून रडू आलं. एवढंच होतं? एवढ्याशा रस्त्यापायी मी ताईला इतकी वर्षं वाट पाहायला लावली? आता तिनं एकदा ओळखावं, रागावली तरी चालेल, बाकी काही नको होतं.

भाचीने दारातच मिठी मारली. ताई पलंगावर बसली होती, केस नीट विंचरलेले. मी डबा उघडून तिच्या हातात जलेबी दिली. तिनं ती सावकाश खाल्ली, बोटं पुसली आणि मला न्याहाळलं.

"जबलपूरहून आल्या का तुम्ही?"

"हो."

"एकट्याच?"

"एकटीच."

"अच्छा. बरं केलं." तिनं माझा हात हातात घेतला. "तिथं माझी लहान बहीण राहते. भित्री आहे हो फार. सोबत मिळाली की येते म्हणते. पुढच्या वेळी येताना तिला घेऊन या न तुम्ही."

मी म्हटलं, "आणते."