राहायला आलेला जामीन

मॅजिस्ट्रेटसाहेब घड्याळाकडे बघत होते आणि मी दाराकडे.

"वकील, तुमचा जामीन येतोय की नाही?"

"येतोय साहेब. वाटेत आहे."

तो कुठल्या वाटेत आहे हे मला मुळीच माहीत नव्हतं. तो कोण आहे हेही माहीत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. संगमनेरला नुकतीच माझी प्रॅक्टिस सुरू झाली होती. प्रॅक्टिस म्हणजे काय, तर काळा कोट घालून कोर्टाच्या व्हरांड्यात येरझारा घालायच्या. मला एका जागी बसवत नाही, आजही बसवत नाही. बायको म्हणते, पायाला भिंगरी आहे. पण ही केस मला त्या भिंगरीनेच मिळवून दिली.

दोन दिवस आधी हनीफाबाई नावाची एक बाई कोर्टाच्या आवारात आली होती. राजूरहून आलेली. डोक्यावरचा पदर घामाने भिजलेला, हातात पिशवी. फाटकाशीच एका दलालाने तिला घेरलं होतं. गिऱ्हाईक पकडून वकिलाकडे नेणारे असे लोक प्रत्येक कोर्टात असतात. त्याला चुकवून ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुमी वकील का?"

"हो. कोणी पाठवलं?"

"कोनी न्हाई. बाकीचे समदे बसल्यात, तुमीच चालताय. म्हटलं ह्यांना तरी घाई दिसतीया."

तिचा नवरा इस्माईल नालबंद होता. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारण्याचं त्याचं काम. राजूरच्या बाजाराला आसपासच्या डोंगरातल्या सगळ्या वाड्यांचे बैल त्याच्याच हाताखालून जायचे. गेल्या बाजारी एक अनोळखी माणूस बैल घेऊन आला, पत्र्या मारायला सांगून "चहा पिऊन येतो" म्हणाला, तो गेला तो गेलाच. बैल चोरीचा निघाला. फौजदार आले तेव्हा बैल इस्माईलच्या दारात आडवा पाडलेला, पाय बांधलेले, आणि इस्माईलच्या हातात हातोडी. चोर सापडला नाही म्हणून जो सापडला त्याला उचललं.

"शुक्रवारी पोरीचा निका हाय," हनीफाबाई म्हणाली. "देवळालीची मानसं हायेत, प्रवरेकाठची. त्यांनी सांगावा धाडलाय, बाप कोठडीत असंल तर वरात आननार न्हाई."

मी तिला समजावलं. काही गुन्हे बेलेबल असतात, तिथे जामीन मागणं हा आरोपीचा हक्कच असतो. चोरीचा माल बाळगणं त्यांत बसत नाही. इथे सोडायचं की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर. अर्ज मी करीन. पण कोर्ट विचारणार, हा माणूस तारखेला हजर राहील याची हमी कोण घेतो? "तेव्हा बाई, जामीन राहणारा एक माणूस आणा. नावावर जमीन असलेला. शेतसाऱ्याची पावती बरोबर आणायला सांगा."

"राहायला लागंल?"

"हो, राहायला लागेल."

तिचा चेहरा पडला. मला वाटलं, उन्हाने. ती "बगते" म्हणाली आणि पेट्रोल नाही म्हणून कोळशाच्या गॅसवर रडतखडत चालणारी, राजूरच्या वाटेवरच्या अकोल्याची मोटार धरून परत गेली.

आता अर्ज मंजूर झाला होता. प्रॉसिक्युटरने विरोध केला, पण साहेबांनी एका लायक जामिनावर आरोपीला सोडायचं ठरवलं. अट एकच, जामीन आजच हजर पाहिजे. उद्यापासून साहेब तंबू घेऊन दौऱ्यावर. जामीन आला नाही तर इस्माईलची रवानगी नगरच्या जेलमध्ये, आणि शुक्रवार परवावर आलेला.

इस्माईल कोपऱ्यात शिपायाजवळ बसला होता. मोठमोठे काळे हात मांडीवर ठेवून. माझ्याकडे बघतही नव्हता. मी दारापर्यंत जायचो, परत यायचो. व्हरांड्यात भाड्याचे दोन जामीन घुटमळत होते. पैसे घेऊन कुणालाही "हा माझा शेजारी" म्हणणारे. एकाने मला डोळाही मारला. खोटं कशाला सांगू, क्षणभर मोह झाला. पण साहेब त्यांना चेहऱ्याने ओळखत होते.

साहेबांनी फायली बांधायला सांगितल्या आणि तेवढ्यात हनीफाबाई दारात दिसली. तिच्या मागे एक म्हातारा. खांद्यावर घोंगडं, काखेत भाकऱ्यांचं गाठोडं, कमरेला तंबाखूची चंची.

"हे सावळेराम," ती धापा टाकत म्हणाली. "ह्ये राहत्यात."

मी त्याला जवळजवळ ढकलतच पुढे नेलं.

"या इस्माईल नालबंदाला जामीन राहतोस का?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. राहायलाच आलोय. कुठं राहायचं तेवढं दावा."

"कुठं म्हणजे?"

"कोठडीत की. ह्यो पोरीचं लगीन लावून माघारी येस्तोवर म्या बसतो त्याच्या जागंला. घरचं समदं लावून यायचं हुतं, म्हनून येळ झाला. म्हातारी लई रडत हुती."

राहायला लागेल, असं मीच सांगितलं होतं. ते शब्द हनीफाबाईने जसेच्या तसे डोंगरात नेले आणि हा माणूस भाकरी बांधून तुरुंगात राहायला आला.

प्रॉसिक्युटर उठले. "साहेब, जामीन म्हणजे काय हे ज्याला कळत नाही, तो जामीन कसा चालेल? आणि याचा आरोपीशी संबंध काय?"

"सांग," साहेब म्हणाले. "काय संबंध?"

"त्यो चोरीला गेलेला बैल माझाच हाय."

मी हनीफाबाईकडे बघितलं. ती खाली बघत होती. फिर्यादीचं नाव कागदात होतं, पण घाईत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. फिर्यादीच आरोपीला जामीन, असं मी कधी ऐकलं नव्हतं. संपलं, असं मला वाटलं.

"दोघांचं संगनमत दिसतंय," प्रॉसिक्युटर म्हणाले.

"तुझा बैल चोरीला गेला," साहेब सावकाश म्हणाले, "आणि याला सोडवायला तूच आलास?"

"साहेब, चोर ह्यो न्हाई. ह्याच्या बापानं माझ्या बापाच्या बैलास्नी पत्र्या मारल्यात. आन खरं सांगू का? बैल मला परत गावला, पन दोनच पायांला पत्र्या हायेत. दोन पाय राहिल्यात. मधीच ह्याला धरून नेला. बैल लंगडतोय."

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग माझ्याकडे वळले. "वकील, तुमच्या जामिनाला जामीन म्हणजे काय ते सांगा. माझ्यासमोर सांगा."

मी सांगितलं. राहायचं कुठेही नाही. इस्माईल तारखेला आला नाही, तर कोर्टाने ठरवलेली रक्कम तू भरायची. आला तर काही नाही.

सावळेराम विचारात पडला. कोठडीत राहायला पटकन तयार झालेला माणूस पैशाचं नाव काढताच अडला. त्याने मान वळवून कोपऱ्यात बघितलं.

"इस्माईल, येशील ना रं तारखेला?"

"येईन, सावळूदादा."

"मंग घ्या आंगठा."

पावती तपासली, बॉण्ड झाला, इस्माईल सुटला. हनीफाबाई भिंतीला टेकून बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. सावळेराम मात्र घोंगडं हातात घेऊन तसाच उभा.

"म्हंजी मी घरी जाऊ?"

"हो. जा."

"म्हातारीला आता काय सांगू?" तो म्हणाला.

इस्माईल राजूरला पोचल्यावर आधी बैलाचे राहिलेले दोन पाय झाले, मग मुलीचा निका. पुढे खरा चोर दुसऱ्या एका बाजारात सापडला आणि इस्माईल निर्दोष सुटला. पण तोपर्यंत चार-सहा तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला इस्माईलबरोबर सावळेराम यायचा, खांद्यावर घोंगडं आणि काखेत भाकरी घेऊन. एकदा न राहवून मी विचारलं, "आता हे कशाला? सांगितलं ना, राहायचं नाही म्हणून?"

"तवा राहायचं म्हनला, मंग न्हाई राहायचं म्हनला," सावळेराम म्हणाला. "तुमच्या बोलन्याचा भरवसा न्हाई वकीलसाहेब. आपलं घोंगडं आपल्यासंगं असल्यालं बरं."

तेव्हापासून मी कुठल्याही पक्षकाराला जामीन "राहायला" सांगितलेलं नाही. हमी घ्या म्हणतो, आणि संध्याकाळी घरी जेवायला जाल, हेही लगेच सांगतो.