फॅमिली ग्रुपवर टाकलेला फोटो

इंग्लंडच्या धाकट्या राजपुत्राचा साखरपुडा जाहीर झाला, त्या आठवड्यात मी फार घाबरलेला होतो. हे वाक्य विचित्र वाटेल, याची मला कल्पना आहे. त्या साखरपुड्याशी माझा काय संबंध? मी जर्मनीत एर्लांगेनच्या विद्यापीठात इलेक्ट्रिकलचं मास्टर्स करत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची पिठाची गिरणी आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, ती चालवतात आणि आई त्यांच्यासोबत दळणाला बसते. राजेराण्यांच्या बातम्या मी कधी उघडूनही बघत नसे.

पण राजपुत्राच्या त्या होणाऱ्या बायकोची आई काळी होती आणि वडील गोरे. मी जिच्याशी लग्न करायचं ठरवलं होतं तीसुद्धा अशीच, फक्त उलटं. आई इथली, एर्लांगेनहून रेल्वेनं तासाभरावर असलेल्या खेड्यातली, आणि वडील घानाचे. ती एका वृद्धाश्रमात नर्स होती. तिच्याबद्दल मी घरी चकार शब्द काढलेला नव्हता.

तिनं मला ख्रिसमसपर्यंतची मुदत दिली होती. आम्ही दोघं एकमेकांशी जर्मन बोलायचो, त्यामुळे तिचे शब्द माझ्या मराठीतच द्यावे लागतात. ती म्हणाली होती, "ख्रिसमसला आई सगळ्या गावाला आपलं सांगणार आहे. त्याच्या आधी तू तुझ्या घरी सांग. माझे बाबा पहिली दोन वर्षं माझ्या आईचे नुसते 'ओळखीचे' होते. कुणाला दिसू नये म्हणून मागच्या दारानं यायचे. मी कुणाच्या मागच्या दारानं येणार नाही." तिनं आवाज चढवला नव्हता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. सांगितलं नाही तर ती जाईल, हे मला स्पष्ट कळलं.

आणि सांगितलं तर काय होईल, हेही मला माहीत होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना माझ्या धाकट्या आत्यानं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. मी शाळेतून आलो तेव्हा थोरले काका आणि अण्णा भर दुपारी ओल्या डोक्यानं ओट्यावर बसले होते. दोघांनी तिच्या नावानं आंघोळ केली होती, माणूस मेल्यावर करतात तशी. मी आईला विचारलं, "कोण गेलं?" आई म्हणाली, "कुणी न्हाई. जेव तू." त्या दिवसापासून आमच्या घरात आत्या कधी जन्मलीच नव्हती. आत्याचा नवरा तर आमच्याच जिल्ह्यातला, मराठी बोलणारा, आमच्याच खंडोबाला जाणारा. मग माझं काय करतील? अण्णा आणि काका आंघोळ करतील, ते मी कसंबसं सोसलं असतं. पण आईनंही बोलणं टाकलं तर? त्या विचाराशी मी थांबायचो. पुढे जाता यायचं नाही.

साखरपुड्याची बातमी आली त्या दुपारी मी विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, जेवत होतो. माझ्यासोबत भाड्याच्या घरात राहणारा पुण्याचा मुलगा समोर होता. त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं फोनवरचा तो बागेतला हसरा फोटो माझ्यासमोर धरला.

"बघ. लग्न त्यांचं, आणि घाम तुला."

"गप रे."

"अरे, संधी आहे ही. टाक हा फोटो तुमच्या फॅमिली ग्रुपवर. विहिरीत उडी मारायच्या आधी दगड टाकून बघतात ना, पाणी किती आहे ते? तसं."

"आणि पाणीच नसलं तर?"

"तर निदान उडी तरी मारणार नाहीस. आल्झो, चल, बटाटे संपव आता."

मी फोटो टाकला. खाली लिहिलं, "इंग्लंडची बातमी." इतकंच. आणि फोन उलटा ठेवला.

लेक्चर संपल्यावर बघितलं. पहिले काकाच होते. "राजाच्या पोराला गोरी मिळंना का? आमच्याकडं पाठवा म्हणावं, शहाण्णव कुळी बघून देतो." त्याखाली हसून रडणारे चेहरे. चुलत भावानं विचारलं होतं, "दादा, तुला कवापासनं राण्यांचा नाद?" आणि काकूचं होतं, "पोरगी उजळ हाय की. पण आईचा फोटो बघा जरा. लेकरं कुणावर जातील ते काय सांगावं."

काकू वाईट बाई नाही. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी बाई आहे. म्हणून ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. आईचं काहीच नव्हतं. तिनं फोटो बघितल्याची खूण मात्र होती.

संध्याकाळी माझ्या मैत्रिणीच्या खोलीवर गेलो, तर ती कोट न काढताच टेबलाशी बसलेली. ती आईकडे जाऊन आली होती. दुपारी गावच्या बेकरीत ब्रेड घेताना काउंटरमागची बाई तिला म्हणाली होती, "अगदी त्या राजकन्येसारखी दिसता हो तुम्ही! तसंच परदेशी सौंदर्य."

"छान म्हणाली की," मी म्हणालो.

"ती बाई मला मी पाच वर्षांची असल्यापासून ब्रेड देतेय. तिच्या डोक्यात मी अजून परदेशीच आहे." मग तिनं फोन माझ्याकडे सरकवला. बातमीखाली लोकांनी लिहिलेलं ती वाचत होती. रक्ताबद्दल होतं, होणाऱ्या मुलांच्या रंगाबद्दल होतं, आणि काही असं होतं की ते मी इथे लिहीत नाही.

"नको वाचू हे."

"वाचायलाच हवं. हे लोक आपल्याच रेल्वेत बसतात."

ते खरंच होतं. उन्हाळ्यात एकदा न्युर्नबर्गच्या गाडीत एका माणसानं आम्हा दोघांना जिथून आलात तिथे परत जा, असं सुनावलं होतं. तिनं त्याला त्याच्याच गावठी बोलीत उत्तर दिलं, की मी पुढच्याच स्टेशनवर उतरते, तिथूनच आलेय. डब्यातले दोघंतिघं हसले. तो माणूस हसला नाही. तो आमच्याकडे बघत राहिला, आणि आमच्यामागोमाग तिच्या गावाच्या स्टेशनवर उतरला. फलाटावर मी तिचा हात सोडला होता की तिनं माझा, ते मला आजही नीट आठवत नाही. तो दुसऱ्या बाजूला निघून गेला. काही झालं नाही. पण तेव्हापासून डब्यात शिरलो, की मी आधी चेहरे बघतो.

"तुमच्याकडे काय म्हणतात?" तिनं विचारलं. मी तो फोटो ग्रुपवर टाकल्याचं तिनं माझ्या फोनवर पाहिलं होतं.

मी म्हणालो, "चुलत भाऊ मला चिडवतोय. काकू म्हणते, दिसायला चांगली आहे."

"आणि तुझी आई?"

"काही नाही."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "भाषा कळत नसली तरी तुझा चेहरा मला वाचता येतो," ती म्हणाली, आणि उठून चहाचं पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा आवाजी मेसेज आला. ग्रुपवर नव्हे, मला एकट्याला. आईला टाइप करता येत नाही, ती बोलूनच पाठवते. तिच्या प्रत्येक मेसेजात मागे गिरणीची घरघर असते. ती मला इतकी सवयीची झाली होती, की ती नसल्याचं आधी कळलं आणि शब्द नंतर.

"मी बोलतीया. गिरणी बंद केलीया. त्यो फोटो कशापायी टाकलास? सकाळच्या रामरामाला बी तू कधी ग्रुपवर उत्तर देत न्हाईस. फोन कर."

विभागाच्या इमारतीमागे सायकली लावायची शेड होती. तिथे कुणी नव्हतं. मी हातमोजा काढून फोन लावला. आईनं कसा आहेस, असंही विचारलं नाही.

"कोण हाय ती?"

मी सांगितलं. अडखळत, उलटसुलट. कुठे भेटली ते आधी, काय करते ते मधेच, आणि वडील कुठले ते सगळ्यात शेवटी.

"आफ्रिका म्हंजे, काळी?"

"हो. म्हणजे वडिलांइतकी नाही, पण... हो. काळी."

पलीकडे डबा आपटल्याचा आवाज आला आणि एका बाईचा, "वहिनी, ज्वारीचं हाय, जरा बारीक काढा." आई तिला म्हणाली, "तासाभरानं ये गं बाई, आता बंद हाय." बाई म्हणाली, "लाईट तर हाय की!" आई म्हणाली, "लाईट हाय, मी न्हाई." एका सायकलची सीट धरून मी उभा होतो.

"तिच्या घरच्यांस्नी तू चालतूस का?" आईनं विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. "काय?"

"तू काय गोरा न्हाईस. गिरणीवाल्याचं पोरगं. तिच्या आईनं तुला घरात घेतलं का दारातनंच लावून दिलं?"

"घेतलं. जेवायला वाढलं."

"आनि रस्त्यात? हितं बातम्यांत दाखवत्यात, तिकडं भायेरच्या लोकांस्नी मारत्यात. तुला कुनी काय म्हनतं का?"

"नाही."

"खोटं बोलू नगंस."

इतके महिने मी आईला भीत होतो, आणि आई तितकेच महिने तिथे बसून माझ्यासाठी भीत होती. तिच्या मनात मी कुणाला तरी नको असलेला मुलगा होतो. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"आई, तू... तुला चालेल का?"

"मला इचार करू दे. मी काय रानी हाय का, लगीच बागेत हसत उभी ऱ्हायला?" तिचा आवाज एकदम फाटला. "तुझ्या अण्णांस्नी मी सांगनार. तू न्हाई. मी फोन करीपातूर करायचा न्हाई."

आणि तिनं फोन ठेवला.

ते मधले दिवस कसे गेले ते मला सलग सांगता येत नाही. मी प्रयोगशाळेत चुकीच्या तारा जोडत होतो. पुण्याचा मित्र माझ्या वाट्याची भांडी घासत होता आणि विनोद करत नव्हता, त्यानंच मला धास्ती वाटायची. तिला मी सांगितलं, की आईला कळलंय. ती म्हणाली, "मग?" मी म्हणालो, "मग माहीत नाही." तिनं माझा हात धरला. तिचे वडील मागच्या दाराशी उभे राहिलेले तिला दिसत असतील, असं मला वाटलं.

शनिवारी दुपारी मी आणि ती बाहेर पडायच्या तयारीत होतो. फोन वाजला. काकांनी त्या राजपुत्राच्या होणाऱ्या मुलांवर कुठलासा विनोद ग्रुपवर पुढे ढकलला होता, पट्ट्यापट्ट्यांच्या जनावराचं चित्र घालून. चार-पाच जण हसले होते. आणि त्याच्याखाली आईचा आवाजी मेसेज होता. तोवर तिनं ग्रुपवर सणाच्या शुभेच्छांपलीकडे कधी काही पाठवलं नव्हतं.

मी तो लावला. गिरणी चालू होती, त्यामुळे आई ओरडून बोलत होती.

"भाऊजी, नमस्कार करते. ह्या ग्रुपवर लेकीबाळी हायत. असल्या पोरीस्नी हसायचं न्हाई. आमच्या घरात तसलीच सून येनार हाय. ज्याला तिच्या नावानं आंघोळ करायची त्यानं आपल्या घरी करावी."

बास. इतकाच होता.

मी तो पुन्हा लावला नाही. माझे कान तापले होते. ग्रुपमधल्या सगळ्यांनी आता हे ऐकलं असणार, गावातल्या, मिरजेतल्या, मुंबईतल्या. कुणीच काही लिहीत नव्हतं. थोड्या वेळानं एक ओळ उमटली, की काका ग्रुपमधून बाहेर पडले. मग काकू. मग चुलत भाऊ. मी उभ्या उभ्या बघत होतो, जसं घरातून एकेक माणूस उठून जातंय. आईनं माझ्यासाठी हे काय करून ठेवलं, असं मला वाटलं. आणि ती आता त्या गल्लीत, काकांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात राहणार होती. मी इथे.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. अण्णांनी मला कधी स्वतःहून फोन केला नव्हता. आई लावून द्यायची.

"जेवलास?"

"हो अण्णा."

"काका येऊन गेलं आत्ता." ते थांबले. "बोलून गेलं."

काय बोलून गेले ते विचारायचं धाडस झालं नाही.

"तुझी आई म्हनती, लग्नाला येनार. पासपोर्ट काढून द्या म्हनती. मला त्यातलं काय कळत न्हाई. काय लागतं ते सांग."

"सांगतो. मी सगळं बघतो, अण्णा."

"एवढ्या लांब एकलीला विमानात बसवायचं म्हंजे..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

ती दारात कोट घालून उभी होती, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला हातानं थांब म्हणून खुणावलं.

"ते मला आता इचारू नगंस," अण्णा म्हणाले.

मी विचारलं नाही. पण त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, थोडा जड, पिठाच्या धुळीनं झालेला. मीही ठेवला नाही. ती आत आली, आवाज न करता दार लावलं आणि माझ्याशेजारी बसली. आम्ही तिघंही तसेच राहिलो.