जास्तीचे चार ग्रॅम

साडूंना आपण फारसं ओळखत नव्हतो, हे ग्रंथपालाला कळलं ते साडू गेल्यावर. चार माणसं जमली आणि कुणीतरी म्हणालं, "तुम्ही बोला ना दोन शब्द, तुम्हीच जवळचे." जवळचे म्हणजे काय, तर दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या बहिणी दरवर्षी आठ दिवस एकत्र सहलीला जायच्या आणि नवरे सामानाबरोबर जायचे. साडूंची आवडती भाजी कोणती, हेही ग्रंथपालाला सांगता आलं नसतं. त्यांच्या पाच किलोच्या लोखंडी वजनाबद्दल मात्र पुष्कळ सांगता आलं असतं, आणि नेमकं तेच सांगायचं नव्हतं. तो म्हणाला, "माणूस चांगला होता," आणि खाली बसला.

साडूंचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. बोळकांडीएवढी खोली, भिंतीवर पारडी टांगलेली, दारातून आत जायचं तर साखळ्या बाजूला साराव्या लागत. उंच डोंगरावर कुठलीही वस्तू किंचित हलकी भरते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि ते त्यांच्या डोक्यात बसलं. आयुष्यभर काटे दुरुस्त केले, पण आपण स्वतः हे कधी पाहिलं नाही, याची त्यांना चुटपुट लागली. दोन पारड्यांचा काटा इथे कुचकामी, कारण वर गेल्यावर दोन्ही पारडी सारखीच हलकी होणार. म्हणून त्यांनी हातभर लांबीचा स्प्रिंगचा काटा बनवला. एकेका ग्रॅमची रेघ भिंगातून दिसेल इतकी बारीक.

तेव्हापासून सहलीच्या सामानात पाच किलो लोखंड आलं.

"लोक सहलीला जाताना ओझी घरी टाकतात," साडूंची बायको म्हणायची. "आमच्याकडे घरात नसेल तेवढं बरोबर घेतात."

"अगं ताई, भावोजी निदान वजन तरी उचलतात," ग्रंथपालाची बायको म्हणायची. "आमचे हे छत्रीसुद्धा विसरतात."

चौदा वर्षं बाकीचे धबधबा बघत आणि साडू काटा बघत. डोंगर ठेंगणे, सुई ढिम्म हलायची नाही. साडू म्हणायचे, "नाही," आणि वजन फडक्यात गुंडाळून ठेवायचे. चिडायचे नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा काढायचे. मुलं सुरुवातीला भोवती जमायची, मग तीही फिरकेनाशी झाली.

पंधराव्या वर्षी बहिणींनी खरोखरचा उंच डोंगर निवडला. सहा हजार फुटांवर, देवदारांच्या रांगेत, लाकडी माडीचं विश्रामगृह. पुस्तकाच्या हिशेबाने इथे तीन ग्रॅम कमी भरायला हवे होते. साडूंनी सकाळी खालच्या पडवीत काटा टांगला आणि वर हाक मारली, "साडूबुवा, तेवढं वजन घेऊन या हो."

ग्रंथपालाने चाळीस वर्षं पुस्तकं उचलली, एकही पाडलं नाही. वजन मात्र शेवटच्या दगडी पायरीवर हातातून निसटलं.

"काय पडलं?" पलीकडून साडूंनी विचारलं.

"मीच," ग्रंथपाल म्हणाला. तो खोटारडा नव्हता, भित्रा होता; तोंडातून निघालं ते हे.

लोखंडी वजनाच्या बुडाशी एक खळगा असतो. त्यात शिसं भरून वजन अचूक करतात आणि त्या शिशावर तपासणीचा शिक्का मारतात. त्या खळग्यातला वाटाण्याएवढा तुकडा निखळून पायरीवर पडला होता. ग्रंथपालाने तो उचलला, चष्म्याच्या डबीत टाकला आणि वजन लंगडत नेऊन दिलं. लंगडणं भाग होतं.

साडूंनी वजन अडकवलं, भिंग लावलं, पुसलं आणि पुन्हा लावलं. शेवटी त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीने भिंग ओढून घेतलं.

"बाबा, तीन नाही! सात!"

मग सगळेच धावले. ज्या ताईंनी चौदा वर्षांत काट्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या पदर सावरून वाकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की!" विश्रामगृहाचा स्वयंपाकी हात पुसत आला. समोर बर्फाची शिखरं उन्हात झळकत होती आणि सगळे त्यांच्याकडे पाठ करून एका सुईकडे बघत होते. तीन ग्रॅमचं उत्तर पुस्तकात होतं. उरलेले चार ग्रॅम कुठे गेले, हे कुणालाच सांगता येईना. साडू लालबुंद होऊन म्हणाले, "आहे खरं काहीतरी."

काय आहे ते एकट्या ग्रंथपालाला ठाऊक होतं. घरी परतल्यावर त्याने वाचनालयातल्या टपालाच्या काट्यावर तुकडा ठेवून पाहिला. चार ग्रॅम.

उद्या सांगू, असं म्हणता म्हणता एकवीस वर्षं गेली. त्या चार ग्रॅमपायी मुलगी विज्ञानाकडे वळली, कॉलेजात शिकवू लागली. डोंगराच्या पोटात मोठी पोकळी असावी, असं ती दर सहलीत कागदावर आकृती काढून समजावायची. साडू मान डोलवायचे. ग्रंथपाल चहात साखर ढवळत राहायचा, साखर घातलेली नसली तरी. त्या सहलीनंतर साडूंनी वजन पुन्हा कधी बरोबर घेतलं नाही. बघायचं ते बघून झालं, असं ग्रंथपालाने धरून चाललं होतं.

साडू मुलीकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा दुकान आवरायला ग्रंथपाल गेला. शिशाचा तुकडा ठेवलेली ती डबी खिशात होती. आज सांगायचंच, नाहीतर राहिलंच, असं त्याने वाटेत स्वतःला तीनदा बजावलं होतं.

"हे तुम्हाला राहू दे, साडूबुवा," साडू वजन पुढे करत म्हणाले. "दाराला लावा. वाऱ्याने आपटतं ना तुमचं?"

"मला जरा एक सांगायचं होतं."

"सांगा की."

शब्द जुळवता जुळवता ग्रंथपालाने वजन उलटं केलं. खळगा काठोकाठ भरलेला होता. शिशावर शिक्का होता, शिक्क्यात वर्ष होतं, आणि वर्ष त्याच सहलीचं होतं. पुस्तकांवरची सालं वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ते दोनदा वाचायची गरज नव्हती. म्हणजे परत आल्या आल्या साडूंनी खळगा पाहिला होता, भरून घेतला होता, शिक्काही मारून आणला होता. आणि एकवीस वर्षं मुलीच्या पोकळीला मान डोलवली होती.

"काय सांगत होतात?" साडू साखळ्या गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काही नाही. दाराचंच. फार आपटतं."

"मग झालं तर."

डबी खिशातच राहिली. दुकानाला तीन पायऱ्या होत्या. ग्रंथपाल वजन दोन्ही हातांनी छातीशी धरून उतरू लागला.

"पायरी बघा," साडू मागून म्हणाले.

"बघतोय."