आग्नेस टीचर आणि पातळ खीर

आग्नेस टीचर पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा माझ्या मुलीकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. सरळ जेवणाच्या टेबलापाशी जाऊन बसल्या. पर्समधून नॅपकिन काढला, स्वतःच्याच गळ्यात बांधला आणि कुस्करलेल्या केळ्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

"हं, भरव मला."

"तुम्हाला?"

"मग काय शेजारणीला? पोरीला भरवतेस तसंच भरव. उगाच शहाण्यासारखं नको."

मी भरवायला लागले. चौथ्या चमच्याला त्यांनी माझं मनगट धरलं. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. सावकाश गिळून म्हणाल्या, "बाय, पहिला घास घशात आहे तोवर तू दुसरा दारात उभा केलास. मी पन्नाशीची बाई घाबरले. ती तर एवढीशी आहे." मला असा राग आला म्हणून सांगू! घरात येऊन पाच मिनिटं झाली नाहीत आणि ही बाई मला माझ्याच पोरीला भरवायला शिकवणार? पण शिकायचंच होतं. त्यासाठीच तर बोलावलं होतं.

जुई सातव्या महिन्यातच जन्मली. तिला गिळता येत नव्हतं. दूध पोटात जायच्याऐवजी श्वासनलिकेत जायचं, म्हणून नाकातून एक बारीक नळी घातलेली. गालावर चिकटपट्टी, आणि नळीतून दर तीन तासांनी दूध. लहान मुलांवर उपचार करणाऱ्या माणिकपूरच्या एका सेंटरमध्ये आग्नेस टीचर होत्या. बोलता न येणाऱ्या मुलांना बोलायला आणि गिळता न येणाऱ्यांना गिळायला शिकवायच्या. सेंटर संपलं की स्कूटरवरून मुलांच्या घरी जायच्या. राहायला उमेळ्याला, वाडीतल्या जुन्या घरात. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. स्कूटरच्या डिकीत कायम पिकलेली केळी, चपटे छोटे चमचे आणि स्टेथोस्कोप. तो स्टेथोस्कोप त्या छातीला नाही, मानेला लावायच्या. जुईच्या मानेला लावून नळ्या माझ्या कानात घालायच्या. "ऐक. टक् असं वाजलं की घोट उतरला. नाही वाजलं तर चमचा खाली."

त्यांची भाषा रोखठोक होती आणि चेष्टेखोर. जुईला जेवण जात नाही म्हणून मीही जेवत नसे. एकदा माझं ताट तसंच झाकलेलं बघून म्हणाल्या, "अजून एक नळी मागवू काय? तुझ्यासाठी?" सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. एरवी त्यांना टीचर फारशा पसंत नव्हत्या. पोरीचं तोंड असताना नाकातून कसलं जेवण, हे त्यांचं पालुपद. टीचर त्यांना शांतपणे सांगायच्या, "आजी, पोट भरायला नळी आहे. तोंडाची आधी भीती जाऊ दे. भीती गेली की ते आपणहून मागेल." आणि मला दर खेपेला, निघताना, चप्पल घालता घालता तेच बजावायच्या. "पातळ काही नाही हां. पानी नाही, दूध नाही. श्रीखंडासारखं घट्ट तेवढंच. पातळ गोष्ट धावते, तिच्या घशाला अजून धावता येत नाही."

मी साताऱ्याकडची. विमा कंपनीत क्लेम बघते, लोकांचे खोटे कागद पकडते. माझा स्वतःच्या शिस्तीवर भारी विश्वास. चार महिने मी टीचरांचं अक्षर न् अक्षर पाळलं. एक चमचा, मग तीन, मग सहा. जुई चमचा बघून तोंड फिरवायची ती आता ओठ पुढे करायला लागली. टीचर म्हणाल्या, महिनाभरात गिळण्याचा एक्स-रे काढू, ठीक आलं तर नळीला रजा. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. इतकी उतावळी मी.

मग उष्टावणाचा विषय निघाला. मुलीचं पाचव्या नाही तर सातव्या महिन्यात व्हायला हवं होतं. जुईला तेव्हा तोंडाने काहीच जात नव्हतं, त्यामुळे ते राहूनच गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, तेराव्यात करू, विषम महिना आहे. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, साताऱ्याहून चांदीची वाटी-चमचा आणायचं कबूल केलं. मी टीचरांना विचारलं. वाटलं होतं, उडवून लावतील. त्या खूश झाल्या. "कर की! मामाच्या मांडीवर बसून खाऊ दे पोरीला. खीर मात्र घट्ट, चमचा उभा राहिला पाहिजे. आणि माझ्यासमोर. चर्चमधली रविवारची मिस्सा झाली की आलेच मी, साडेदहापर्यंत."

मुहूर्त निघाला नऊ पन्नासचा. तो पाऊण तास पुढे ढकलला असता तर आभाळ कोसळणार नव्हतं. खरं सांगायचं तर मला टीचर तिथे नकोच होत्या. सगळं माहेर-सासर जमलेलं, जुईला जरीचं परकर-पोलकं, आणि मध्येच ही बाई स्टेथोस्कोप काढून पोरीच्या मानेला लावणार. सगळे म्हणणार, बिचारी. मला एक दिवस, एकच दिवस, माझी मुलगी चारचौघांसारखी हवी होती. मी शनिवारी संध्याकाळी फोन केला. "टीचर, जुईला सर्दी आहे, कार्यक्रम पुढे ढकललाय." त्या म्हणाल्या, "बरं केलंस. नाक बंद असताना नकोच."

खीर मी सांगितल्यासारखीच केली होती. चमचा उभा राहत होता. दादाने वाटी हातात घेतली आणि म्हणाला, "अगं, ही खीर आहे का पिठलं? मामाच्या हातचा पहिला घास असा?" सगळे खोखो हसले. त्याचं काही चुकलं नाही, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत गेले, दुधाचं पातेलं घेतलं आणि स्वतःच्या हाताने ओतलं. सासूबाईंनी नाही, दादाने नाही. मी ओतलं. खीर मस्त सैल झाली, वेलदोड्याचा वास सुटला. दादाने जुईला मांडीवर जरा आडवं धरलं आणि चार चमचे भरवले. ती खोकलीसुद्धा नाही, नुसते डोळे भरून आले तिचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महेशने, माझ्या नवऱ्याने, पटापट फोटो काढले. सासूबाई म्हणाल्या, बघा, उगाच घाबरवून ठेवलं होतं त्या बाईने. आणि मी मान डोलावली.

मंगळवारी जुईला ताप चढला. बुधवारी तिच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या. न्यूमोनिया. खीर फुप्फुसात गेली होती. हॉस्पिटलात काचेपलीकडे तिला ऑक्सिजन लावलेला, आणि अलीकडे आम्ही सगळे. सेंटरचे मोठे डॉक्टर तिथेही येत असत. त्यांनी मला विचारलं, "तोंडाने काय दिलंत?" सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, महेश बघत होता. मी काचेतून जुईकडे बघितलं. आणि म्हणाले, "खीर दिली. टीचरांनीच सांगितलं होतं, आता पातळ सुरू करा म्हणून."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, महेशही नाही. घरात पुढे कधीही तो विषय निघाला नाही, आणि मी निघू दिला नाही. खोटे क्लेम पकडणारी मी! लोकांच्या कागदांवर लाल शेरे मारणारी! माझा स्वतःचा एवढा मोठा खोटा क्लेम पहिल्या झटक्यात पास झाला.

जुई नऊ दिवसांनी घरी आली. सेंटरमधून आग्नेस टीचरांना काढलं होतं, हे मला तिथल्या आयाबाईंकडून कळलं. त्या म्हणाल्या, "टीचर भांडल्याच नाहीत ओ. आई म्हणते ते लिहा, एवढंच बोलल्या आणि चमचे गोळा करून गेल्या." पुढच्याच सोमवारी आमची बेल वाजली. दारात टीचर. मी दाराला धरून उभी, आता काय बोलतील, आता काय बोलतील.

"पोरगी कुठाय?" त्या म्हणाल्या. आत गेल्या, हात धुतले, जुईला खुर्चीत ताठ बसवलं. "चला जुईबाय, परत पहिल्यापासून."

दीड वर्ष येत होत्या. मी समोर बसायची, चमचा माझ्या हातात, त्यांचा हात माझ्या मनगटाखाली. किती वेळा वाटलं, आता सांगावं! त्या मान खाली घालून घोट ऐकत असायच्या, आणि मी तोंड उघडून परत मिटायची. एक शब्द त्यांनी कधी विचारला नाही. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. उलट उमेळ्याची केळी आणायच्या, सासूबाईंना वाडीतला आंबाडा आणून द्यायच्या. सासूबाई पुढे पुढे त्यांची वाट बघायला लागल्या.

नळी निघाली. जुई वरणभात खाऊ लागली, आणि एका सकाळी ती पेल्यातून घटाघट पाणी प्यायली. टीचरांनी स्टेथोस्कोप गुंडाळला. "झालं माझं काम. आता हिला चिंबोऱ्या खायला माझ्याकडे पाठव."

त्याच आठवड्यात मी एकटी उमेळ्याला गेले. त्या ओट्यावर केळीची पानं पुसत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच रडायला लागले. "टीचर, त्या दिवशी खिरीत दूध मी ओतलं. आणि नाव तुमचं सांगितलं."

"बस आधी," त्या म्हणाल्या. "मी काय फादर आहे कुमसार ऐकायला, पापं कबूल करून घ्यायला?" मग फोन काढला, बराच वेळ बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरला. उष्टावणाचा फोटो. दादाच्या हातात वाटी, जुईच्या हनुवटीवरून ओघळणारी पातळ खीर. महेशने त्या सकाळी सगळ्या ओळखीच्यांना पाठवला होता, त्यात टीचरही होत्या. सेंटरने बोलावलं तेव्हा तो त्यांच्या पर्समध्ये होता!

"दाखवला का नाही?" मी विचारलं.

"दाखवला असता. नोकरी राहिली असती माझी. पण तुझ्या घरात परत तुझ्या हातात चमचा दिला असता कोणी? आणि तू घेतला असतास? पोरगी तुझ्या हातून खायला शिकत होती बाय, माझ्या नाही."

मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. आवाज कडक झाला. "रडून माझं काही भागणार नाही. मला राग आला होता, खूप आला होता. अजून आहे. माफी पायजे तर ती दिली, जा. पण सेंटरमध्ये जाऊन खरं सांग. माझ्यासाठी नको, मी आता तिथे काय कामाला जाणार? तुझ्या जुईनंतर त्यांनी नियम केलाय. नळीच्या पोरांना तोंडाने काही म्हणजे काही द्यायचं नाही. घाबरलेत. ती पोरं नुसती नळीवर पडून आहेत. जाशील?"

"उद्याच जाते," मी म्हणाले.

नाही गेले. उद्या ऑडिट होतं. मग जुईची शाळा सुरू झाली, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दोनदा सेंटरच्या फाटकापर्यंत जाऊन रिक्षा वळवली. कारणं मी क्लेमच्या फायलीसारखी एकाखाली एक लावत गेले. टीचरांचा एकदाही फोन आला नाही. आठ महिने गेले, आणि एका सकाळी आला तो त्यांच्या पुतण्याचा. झोपेतच हृदय थांबलं होतं.

चर्चच्या आवारात खूप बायका होत्या, कडेवर, हाताला धरून मुलं. बहुतेक टीचरांच्या हाताखालून गेलेली. माझ्या शेजारी एक तरुण मुलगी उभी होती, खांद्यावर वर्षाचं बाळ. बाळाच्या गालावर चिकटपट्टी आणि नाकात नळी. तीच रडत रडत मला म्हणाली, "टीचर पुढच्या आठवड्यात आमच्याकडे येणार होत्या. सेंटरवाले तोंडाने काही देऊच देत नाहीत. कुणाच्या तरी पोरीला थेरपीने न्यूमोनिया झाला होता म्हणे."

"थेरपीने नाही," मी म्हणाले. "माझ्यामुळे. ती माझी मुलगी."

तिने डोळे पुसायचे थांबवले. माझ्याकडे बघितलं, मग माझा पदर धरून उभ्या असलेल्या जुईकडे, तिच्या हातातल्या अर्ध्या खाल्लेल्या बिस्किटाकडे. तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि गर्दीत पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी सेंटरमध्ये गेले. सगळं लिहून नेलं होतं, फोनपासून दुधाच्या पातेल्यापर्यंत, खाली सही. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बरं, तो नियम मी आजच काढतो," ते म्हणाले. "पण हे काम येणाऱ्या इथे त्या एकट्याच होत्या. आता बोलावू कोणाला?"

मी दाराकडे वळून बघितलं. बाहेर बाकावर बायका नंबर लावून बसल्या होत्या, मांडीवर मुलं घेऊन.