पँट वाळवायची होती, बाकी काही नाही

आमच्या धायरीच्या फ्लॅटला आग लागली तेव्हा मी फक्त पँट वाळवत होतो.

हे वाक्य मी नंतर अनेकांना सांगितलं आणि प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "म्हणजे अंगात काय होतं?" (टॉवेल होता. पण लोकांना आगीपेक्षा त्यातच रस!)

ते दिवस सॉफ्टवेअरवाल्यांच्या तेजीचे. ज्याला धड वडापाव मागता येत नव्हता तोही अमेरिकेला निघाला होता. शेवटी माझाही नंबर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला व्हिसाची मुलाखत. त्यासाठी खास राखाडी सूट शिवून घेतला होता. दुपारी 'बघू तरी कसा दिसतो' म्हणून घातला, इतका आवडला की तसाच जेवायला बसलो, आणि कटाच्या आमटीची भरलेली वाटी मांडीवर घेतली.

आईने शांतपणे पाहिलं. "अमेरिकेला आमटी न्यायची होती, तर डब्यात दिली असती की."

पँट मी स्वतः धुतली. (इतका स्वावलंबी मी त्याआधी कधी नव्हतो, पुढेही कुणी होऊ दिलं नाही.) बाहेर श्रावणातली झड. आठवडाभर दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, नुसता त्यांचा वास बदलत होता. मग इंजिनिअर जागा झाला! हॉलमध्ये खुर्चीच्या पाठीवर पँट टाकली. समोर खोली गरम करायचा हीटर. एका पायावर अनघाचा, म्हणजे बायकोचा, हेअर ड्रायर टेकवून ठेवला. शिवाय मधूनमधून फिरवायला इस्त्री. आणि ही सगळी मंडळी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, जिथे टीव्ही, कॉम्प्युटर आणि फ्रिज आधीच दाटीवाटीने नांदत होते.

"अरे, बोर्ड गरम लागतोय," अनघा म्हणाली.

"गरम नाही, कोमट आहे."

पेपर वाचत बसलेले बाबा चष्म्यावरून बघत होते. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. "हीटरसमोर कापड ठेवू नये," ते म्हणाले. "आमच्याकडे कुणी असं केलं असतं ना, तर खडकी नकाशात राहिली नसती."

"बाबा, हा दारूगोळा नाही, पँट आहे."

बाबांनी पेपरचं पान उलटलं. त्या आवाजातच त्यांचं मत आलं. मग पेपरसकट ते गॅलरीत गेले, अनघा स्वयंपाकघरात.

तेवढ्यात आतल्या खोलीतला फोन वाजला. आमचे साहेब. मुलाखतीत काय बोलावं, काय बोलू नये, हे ते समजावू लागले. त्यांचं दहावं वाक्य सुरू असताना मला वास आला.

"आई, काहीतरी करपलंय!"

"स्वयंपाकघरात मी आहे," आतून उत्तर आलं. "त्यामुळे करपलेलं नाही."

मी हॉलमध्ये धावलो. पँटचा एक पाय पेटला होता. त्यावरून आग शेजारच्या पडद्यावर चढली होती, आणि बोर्डातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडत होत्या. अनघाने एका क्षणात तिथेच गादीवर झोपलेल्या आमच्या मुलीला उचललं, आईचा हात धरला, आणि ती दोघींना घेऊन जिन्याकडे पळाली. मी बाथरूमकडे पळालो आणि भरलेली बादली घेऊन आलो.

"पाणी टाकू नको!" बाबा ओरडले. बाबांना ओरडताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "लाईन चालू आहे! शॉक लागून मरशील! आधी भिंतीवरचं बटण!"

भिंतीवरचं बटण बोर्डाच्या अगदी वर, म्हणजे बरोब्बर ज्वाळेच्या मागे. मग मी धूर्तपणे लांबून वायरी ओढायला लागलो. सगळ्या काळ्या, सगळ्यांच्या एकमेकींत वेण्या! पहिली ओढली, टीव्ही बंद. दुसरी ओढली, कॉम्प्युटर बंद.

"टीव्ही विझवलास," बाबा खोकत म्हणाले, "आता आग विझव! मेन स्विच कुठंय?"

इथे मी टॉवेलची गाठ घट्ट केली.

त्याचं असं होतं, की फ्लॅट घेतला तेव्हा दारालगतच मेन स्विचचा तो राखाडी पत्र्याचा डबा मला फार कुरूप वाटला होता. म्हणून मी त्याच्यापुढे भिंतभर शोकेस करून घेतली. पक्की, स्क्रू मारून. पाहुणे आले की मी अभिमानाने म्हणायचो, "मागे मेन स्विच आहे, सांगून खरं वाटणार नाही!"

"शोकेसच्या मागे," मी पुटपुटलो.

बाबांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहू शकत नाही.

आम्ही दोघं शोकेसला भिडलो. ती तसूभर हलेना. माझ्या डोक्यावर काचेचा ताजमहाल तेवढा पडला. इतक्यात दारात खालच्या मजल्यावरचे पोपटराव उभे. ज्या शेतावर आमची इमारत उभी राहिली ते शेत त्यांचं. माणूस तालमीतला, दार त्यांच्यामुळे पूर्ण भरलं होतं.

"आरं, लई धूर निघतोय! काय पेटीवलंय?"

"पँट!"

"कुणाची?"

"माझी!"

त्यांनी मला टॉवेलपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं झालं, तू त्यात न्हाईस."

मग त्यांनी शोकेसला मिठी मारली आणि एक हिसका दिला. लग्नातला टी-सेट, कंपनीने दिलेला 'उत्कृष्ट कर्मचारी' चषक, दोन चिनीमातीचे हत्ती, सगळं खाली! स्क्रू भिंतीच्या पोपड्यांसकट बाहेर. बाबांनी हात घालून मेन खाली ओढला. घर एकदम मुकं झालं. बाबांनी गव्हाचं रिकामं पोतं माझ्या बादलीत बुचकळलं, पडद्यावर टाकलं, दाबून धरलं. आग विझली. तिच्यापेक्षा आमचा जास्त वेळ शोकेसने खाल्ला होता.

भिंत छतापर्यंत काळी. आणि खुर्चीपासून हातभर अंतरावर मुलीची गादी, एका कडेने तपकिरी झालेली. ती पाहिली आणि मी आहे तिथेच, टॉवेलसकट, फरशीवर बसलो. बाबाही शेजारी बसले. आयुष्यभर स्फोटकं हाताळलेल्या त्या माणसाने गादीची ती कड दोनदा चाचपून पाहिली.

"मेनसमोर फर्निचर करायचं नाही रे," एवढंच म्हणाले.

उरला प्रश्न मुलाखतीचा. सूटचा कोट कपाटात सुखरूप होता, पण पँट गुडघ्यापर्यंतच शिल्लक, आणि बाकीच्या पँटी दोरीवर ओल्याच. रात्रीच मुंबईला निघायचं होतं, धायरीत दुकानं धुंडाळायला वेळ नव्हता. पोपटराव घरी जाऊन स्वतःची लग्नातली पँट घेऊन आले. तिच्यात मी आणि अनघा दोघं मावलो असतो. आईने कमरेला पुढूनमागून सेफ्टी पिना लावल्या. "हात वर करू नकोस," ती म्हणाली. "आणि श्वास बेताने घे."

व्हिसाच्या खिडकीसमोर मी डाव्या हाताने पँट आणि उजव्या हाताने कागद धरून उभा होतो. आतल्या गोऱ्या साहेबाने विचारलं, "तुम्ही भारतात परत येणार याची खात्री काय?"

आमच्या साहेबांनी फोनवर पढवलेलं सगळं विसरलो. "घराचं वायरिंग नव्याने करायचंय," मी म्हणालो. माझ्या तोंडावर असं काही दुःख उतरलं असावं, की त्याने पुढे काही विचारलंच नाही. व्हिसा मिळाला!

निघण्यापूर्वी वायरिंग झालं. प्रत्येक यंत्राला आपापला पॉइंट, आणि दारालगत मेन स्विच, उघडा, कुरूप आणि फार देखणा. बाबा रोज येता-जाता त्याच्यासमोर हातभर जागा रिकामी आहे ना, हे तपासायचे.

निघायच्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी पेढे घेऊन निरोपाला आले. मला भरून आलं.

"अभिनंदन! किती दिवस आहात तिकडे?"

"सहा महिने तरी."

"वा, वा! उत्तम!" त्यांचा चेहरा उजळला. "इमारतीसाठी आग विझवायची नळकांडी घ्यायची चालली होती. आता काही घाई नाही. आपण परत यायच्या आधी फक्त एक फोन करा."