पोस्टाने गेलेला कॉमा

अमेरिकेत नोकरीला असताना मी निरोप गुप्त ठेवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीला, सुनंदाला, तो हवा होता. कंपनीचे वकील म्हणाले, "असा प्रोग्रॅम देशाबाहेर ईमेलने पाठवायला सरकारी परवाना लागेल. पुस्तकासारखा छापून पाठवलात तर चालेल."

अक्षरं तीच, मग कागदावर ती निरुपद्रवी आणि ईमेलमध्ये धोक्याची कशी? मला उमजेना. पण नोकरी जपायची होती, म्हणून छापील गठ्ठा पाठवला. सुनंदा तो महिनाभर टाइप करत होती. एकदा तिचा फोन आला.

"अगं, नवव्या पानावर शेवटी कॉमा आहे की शाईचा डाग?"

मी 'कॉमा' म्हणणारच होते, तोच मनात आलं: फोनवर सांगणं कागदात मोडतं की ईमेलमध्ये?

"बोल ना!"

"पत्राने कळवते," म्हणाले, आणि तो एक कॉमा पाकिटात घालून पोस्टात टाकला.